रुमालाखालचा आकडा

चुडामण माझा शेजारी. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये एकच कुंपण आहे आणि त्या कुंपणावरून आमचं बारा वर्षं भांडण चालू आहे. त्याची गाय मान घालून माझी जास्वंद खाते, मी ओरडते, आणि तो म्हणतो, "जाऊ द्या ना बाई, मुकं जनावर आहे, त्याले काय समजते." मी चौतीस वर्षं बुऱ्हाणपुरात शाळेत शिकवलं आहे. कुणाला काय समजतं ते मला कुणी सांगायला नको. तरीही आज मी त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण गेल्या वर्षी या माणसाला मी एक गोष्ट शिकताना पाहिलं, आणि तितकं अवघड शिकणं माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

आम्ही तापीच्या पलीकडे, जैनाबादला राहतो. चुडामण गुरांच्या बाजारातला दलाल. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांचे बाजार निम्म्यावर आलेत, त्यामुळे त्याचं घर आता बरंचसं नदीकाठच्या केळीवर चालतं. पण बाजाराचा दिवस आला की हा गडी इस्त्रीचा सदरा घालून, खांद्यावर मोठा पांढरा रुमाल टाकून निघतोच. त्या रुमालातच त्याचा सगळा धंदा आहे. बैलाचा भाव तिथे तोंडानं बोलत नाहीत. विकणाऱ्याचा हात आणि दलालाचा हात रुमालाखाली जातात आणि बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, पंजा दाबून वर तीन बोटं धरली की आठ. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. आणि समोरच्यानं आठ दाबले की चुडामणची बोटं सहा दाबणारच. वीस वर्षांची सवय आहे, त्यासाठी त्याला विचारही करावा लागत नाही.

लग्नानंतर दहा वर्षांनी त्याला आणि प्रतिभाला मुलगी झाली. तिचं नाव भूमिका. माझं भांडण बापाशी होतं, लेकीशी कधीच नव्हतं. शाळेतून आली की दप्तर त्यांच्या ओट्यावर आणि स्वतः माझ्या ओट्यावर, असा तिचा शिरस्ता होता.

गेल्या वर्षी हनुमान जयंतीचा भंडारा होता. वरण-बट्टी, म्हणजे वरणात कुस्करून खायचे भाजलेल्या कणकेचे घट्ट गोळे, आणि वांग्याची भाजी. दहा वर्षांची भूमिका मैत्रिणींच्या पंगतीत बसली होती. वरण यायच्या आधीच तिनं बट्टीचा कोरडा तुकडा तोंडात टाकला, कुणीतरी तिला हसवलं, आणि तो तुकडा घशात अडकला. मी चार पानं सोडून बसले होते. पोरीचा चेहरा निळा पडला, तोंडातून आवाज येईना. वाढणाऱ्या लोटू नावाच्या पोरानं तिला ओणवं करून पाठीत चार धपाटे घातले तेव्हा तो तुकडा बाहेर पडला. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा झालं नसेल. लोकांनी तिला पाणी पाजलं, "वाचली बाई" म्हणाले, आणि पंगत पुढे चालू झाली.

भूमिका मात्र त्या दिवसापासून धड जेवली नाही. आधी भाकरी सुटली, मग पोळी, मग भात. विचारलं की एकच उत्तर, "अडकन." प्रतिभानं मिक्सर काढला. भात मिक्सरमध्ये, दूध-पोळी मिक्सरमध्ये, वांग्याचं भरीतसुद्धा मिक्सरमध्ये. जूनपर्यंत तेही तिला घट्ट वाटायला लागलं. मग नुसतं वरणाचं पाणी, दूध आणि ताक. चुडामण पाण्याचा पेला धरून तिच्या शेजारी बसायचा आणि दर घोटाला म्हणायचा, "काही नई व्हत बेटा, पी." दिवसातून शंभर वेळा. मला कुंपणापलीकडून सगळं ऐकू यायचं.

आता एक कबूल करते. त्या दिवसांत मी प्रतिभाला म्हणाले होते, "नाटकं आहेत सगळी. दोन दिवस उपाशी ठेव, तिसऱ्या दिवशी झक मारत खाईल." चौतीस वर्षं मुलांमध्ये काढून मी हे बोलले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. घसा एकदम ठीक होता. मुलांच्या डॉक्टरांनी वजन केलं. मार्चमध्ये अठ्ठावीस किलो असलेली मुलगी बावीसवर आली होती. ते म्हणाले, "एकवीसच्या खाली गेली तर मी थांबणार नाही. इंदूरला भरती करावं लागेल, नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल." आणि एका चिठ्ठीवर वैजयंती मॅडमचं नाव लिहून दिलं. या जळगावच्या समुपदेशक, दर मंगळवारी बुऱ्हाणपुरात एका दवाखान्यात बसतात.

त्या संध्याकाळी चुडामण कुंपणाशी आला. "बाई, तिथं फारम इंग्लिशमधी असन. तुम्ही चालता का?" गाईचा विषय न काढता तो माझ्याशी बोलल्याची ही पहिलीच वेळ. मी गेले.

वैजयंती मॅडमनी भूमिकाला आधी बराच वेळ दुसऱ्याच गोष्टी विचारल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हिला आपण सीबीटी देऊ."

चुडामण ताडकन उठला. "मॅडम, बट्टीनंच तो झालं ना हे सगळं! अन तुम्ही परत बट्टीच देऊन राहिले?"

मॅडमना कळेना. मला कळलं, आणि मला हसू आवरेना. "अरे बट्टी नाही, सीबीटी! उपचाराचं नाव आहे ते!" भूमिकानं तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती. प्रतिभानं पदर डोळ्यांना लावला.

मग मॅडमनी समजावलं. "भूमिका, तुझी भीती खोटी नाही. पण भीती वाटली की गळा आतून आवळतो, आणि आवळला की अडकल्यासारखं वाटतं. आपण त्या भीतीला तपासून बघायचं." त्यांनी कागदावर एक जिना काढला. सगळ्यात खालची पायरी कुस्करलेलं केळं, मग दहीभात, मग खिचडी, मग पोळी, मग भाकरी, आणि सगळ्यात वर कोरडी बट्टी. एक वही दिली. खाण्याआधी लिहायचं, काय होईल असं वाटतं. खाल्ल्यावर लिहायचं, खरं काय झालं. आणि दोन्ही वेळा भीतीचा आकडा, शून्य ते दहा. "भीती वर जाते," मॅडम म्हणाल्या, "पण न पळता बसून राहिलं की हळूहळू उतरते."

आईबापांसाठी वेगळी यादी होती. "मिक्सर बंद. दर घासाला पाणी बंद. आणि भाऊ, ते 'काही होत नाही' बंद. तुम्ही जितक्या वेळा सांगता तितक्या वेळा तिला वाटतं, काहीतरी होणार आहे म्हणूनच सांगतात."

"मंग मी बोलू काय?"

"काही नाही. शेजारी बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

चुडामणनं माझ्याकडे पाहिलं. ज्याची सगळी हयात मध्ये पडण्यात गेली, त्याला हे सांगणं म्हणजे माझ्यासारखीला वर्गात गप्प बस म्हणण्यासारखं होतं.

घरी आल्यावर अडचण आली ती आकड्याची. भूमिकाला तो तोंडानं सांगवेना. आईकडे बघायची, बापाकडे बघायची, मान खाली घालायची. तेव्हा चुडामणनं खांद्यावरचा रुमाल काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणाला, "सांग. कोनाले दिसत नई." भूमिकाला ही बोटांची भाषा लहानपणापासून येत होती. तिनं हात आत घातला. थोड्या वेळानं चुडामण वही घेऊन बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, लिहा. सात."

मी मनापासून शाबासकी दिली त्याला. पुढच्या मंगळवारी मॅडमनीही दिली.

चार आठवडे वही सुरेख भरत गेली. केळं, आधी सात, नंतर तीन. दहीभात, आधी सहा, नंतर दोन. खिचडी, आधी पाच, नंतर एक. 'खरं काय झालं'च्या रकान्यात प्रत्येक वेळी 'काही नाही'. चुडामण बाजारातून येताना दोन माणसांना तरी ती वही दाखवून यायचा. मी शुद्धलेखन तपासायचे.

पाचव्या मंगळवारी भूमिका वजनकाट्यावर उभी राहिली. एकवीस किलो चारशे.

वहीतली भीती उतरत होती आणि मुलगी वाळत होती. मॅडमनी वहीची पानं पुन्हा एकदा चाळली. मग म्हणाल्या, "भाऊ, तो रुमाल द्या बरं इकडे. भूमिका, पप्पांबरोबर करतेस तसं माझ्याबरोबर कर. मी शिकून घेते. समज, आत्ता समोर कोरडी पोळी आहे. किती?"

दोघींचे हात रुमालाखाली गेले. मॅडमना बोटं मोजायला वेळ लागला. "आठ का? बरं, आठ." भूमिकानं हात काढला नाही. मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू काहीतरी बाकी आहे.

"काय गं?"

"आता तुम्ही दाबा ना."

"मी? मी काय दाबू?"

"तुमचा आकडा," भूमिका म्हणाली. "पप्पा सहा दाबतात. मंग मी सात दाबते. मंग पप्पा परत सहाच दाबतात. मंग सहावर जमते."

मॅडमनी हळूच विचारलं, "आणि जमलं की?"

"मंग पप्पा खुश होतात."

"आणि खाणं?"

तिची मान खाली गेली. "थोडं खाते. बाकी गालात ठेवते. मंग गाईच्या दावनीत टाकते."

मी चुडामणकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही. त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पोरीच्या भीतीची बोटं हातात आली आणि त्याच्या हातानं वीस वर्षं जे केलं तेच केलं. आणि ती लेक त्याचीच, तिनं सौदा मोडू दिला नाही. चार आठवडे आम्ही वहीत तिची भीती लिहीत नव्हतो, बापाला परवडेल तेवढा आकडा लिहीत होतो.

मॅडम त्याला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, रुमाल चांगला आहे, तो राहू द्या. फक्त आकडा तिचा. ती नऊ म्हणाली तर नऊ. तुम्ही धरून बसायचं, दाबायचं नाही."

बाहेर आल्यावर प्रतिभा आणि भूमिका ऑटोत बसल्या. चुडामण पायरीवरच उभा राहिला. मला म्हणाला, "बाई, माझ्याच पोरीले मी भाव पाडून घेतलं." आणि तोंड फिरवून रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, नाक ओढत. माझा आणि त्याचा जास्वंदीचा सगळा हिशोब त्या पायरीवर मिटला, निदान त्या आठवड्यापुरता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या ओट्यावर आला. "बाई, माह्या हाताले शिकवा." मी चकित. पण शिकवणं हा माझा धंदा. रुमाल टाकला, मी नऊ दाबले, आणि लगेच त्याची बोटं सात बोलली. मी त्याच्या मनगटावर चापट मारली. पुन्हा नऊ. पुन्हा सात. पुन्हा चापट. रस्त्यावरून जाणारे काय म्हणत असतील कोण जाणे, पन्नाशीकडे झुकलेला दलाल आणि साठी उलटलेली मास्तरीण रुमालाखाली हात घालून बसलेत! चौथ्या दिवशी मी नऊ दाबले आणि त्याचा हात तसाच राहिला. कपाळावर घाम होता. म्हणाला, "कठीण आहे बाई. समोरचा सांगतो अन आपण नुसतं घेतो. असं कधी केलंच नई."

त्या दुपारी भूमिकासमोर खिचडी होती. मिक्सर न लावलेली. रुमालाखाली तिनं आकडा दाबला आणि वाट पाहिली. काही येईना. "पप्पा?"

"नऊ," चुडामण म्हणाला. "नऊ तो नऊ."

भूमिका त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला वाटलं, संपलं, आज खात नाही. पण ती रडत रडत चमचा उचलत होती. तीन चमचे खिचडी खायला पाऊण तास लागला. चुडामण हललाही नाही, बोललाही नाही. वहीत त्या दिवशी पहिल्यांदा खरं लिहिलं गेलं. आधी नऊ, नंतर सात.

खरं लिहायला लागलं म्हणून वजन लगेच वाढलं नाही. पुढच्या मंगळवारी एकवीस किलो दोनशे. इंदूर दोनशे ग्रॅमवर येऊन ठेपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभाचा धीर सुटला. मिक्सरचा आवाज आला आणि पाठोपाठ तिचा. "पोरगी मरून राहिली अन तुम्ही हात धरून बसले! मी आई आहे, मले नई बघवत!" मी कुंपणाशी धावले. चुडामण मिक्सरचं भांडं दोन्ही हातांत धरून अंगणात उभा होता. त्यानं ते भांडं कुंपणावरून माझ्याकडे दिलं. "बाई, हे तुमच्या घरी ठेवा. मी मागितलं तरी देऊ नका." प्रतिभानं दोन दिवस मला तोंड दाखवलं नाही. तिचं चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. लेकराच्या बरगड्या मोजता येत असताना बसून राहणं ज्याला जमतं त्याला जमतं.

त्यानंतरच्या मंगळवारी एकवीस किलो पाचशे. मग बावीस. मग एकदा घसरलं, मग पुन्हा चढलं. पोळीच्या पायरीवर ती अकरा दिवस अडून बसली. भाकरीला त्या मानानं कमी त्रास झाला, का ते मॅडमनाही सांगता आलं नाही. नवरात्रात काटा चोवीसच्या पुढे गेला आणि मुलांच्या डॉक्टरांनी इंदूरचं नाव घेणं सोडलं. एक दिवस भूमिकानं रुमालाची घडी घालून बापाच्या खांद्यावर ठेवली आणि आकडा तोंडानं सांगितला.

वरची एक पायरी राहिली होती. तिचा दिवस भूमिकानंच ठरवला. दसऱ्यानंतरचा रविवार. प्रतिभानं अंगणात गोवऱ्या पेटवून बट्ट्या भाजल्या, मलाही बोलावलं. ताटं मांडली. पाण्याचा तांब्या ठरल्याप्रमाणे लांब, ओट्याच्या टोकाला ठेवला.

"आठ," भूमिका म्हणाली.

"आठ," चुडामण म्हणाला.

तिनं बट्टी फोडली. वरण नाही, तूप नाही. कोरडा तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागली. आम्ही तिघं आपापल्या ताटाकडे बघत होतो आणि कुणीच ताट बघत नव्हतं. तिनं गिळलं. दुसरा तुकडा घेतला.

आणि तिला ठसका लागला.

साधा ठसका. कुणालाही लागतो. पण तिचे डोळे मोठे झाले, चेहरा लाल झाला, आणि ती खोकायला लागली. प्रतिभा उठली. मी तिचं मनगट धरलं, का धरलं ते मलाही ठाऊक नाही. चुडामणचा हात पोरीच्या पाठीकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला. मागे आला आणि त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर घट्ट बसला. ती खोकत होती. आवाज येत होता. श्वास येत होता. तो ऐकत होता, मीही ऐकत होते. चार वेळा, पाच वेळा. मग ती थांबली, तिनं आवंढा गिळला, फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसले.

"गेलं," ती म्हणाली.

मग तिचं बापाकडे लक्ष गेलं. चुडामण पांढराफटक पडला होता. ताटातली बट्टी तशीच, कपाळावरून घामाची धार, गुडघ्यावरची बोटं गुडघ्यात रुतलेली. भूमिका सरकून त्याच्या जवळ गेली.

"पप्पा, घाबरले का?"

त्याचं तोंड उघडलं. 'काही नई बेटा' हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले मी पाहिले. तोंड मिटलं.

"किती?" तिनं विचारलं.

वीस वर्षांत या माणसानं कुणालाही पहिल्याच बोलीत खरा आकडा सांगितलेला नव्हता.

"दहा," चुडामण म्हणाला.

भूमिकानं त्याचा हात गुडघ्यावरून सोडवून स्वतःच्या हातात घेतला आणि दाबला नाही, नुसता धरला. "बसा मंग थोडं," ती म्हणाली. "उतरते." आणि दुसऱ्या हातानं बट्टीचा पुढचा तुकडा तोडून तिनं तोंडात घातला.